पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवावं का? कोकणातल्या गाडीवाल्यांसाठी हिशेब, कागदपत्रं आणि पर्याय

रोज चिपळूण–रत्नागिरी किंवा कणकवली–सावंतवाडी करणाऱ्या माणसाला पंपावर उभं राहिलं की हा प्रश्न पडतोच: चांगली चालू गाडी आहे, बॉडी ठणठणीत आहे, मग नुसतं इंजिन डिझेलचं बसवलं तर? पूर्वी लोक बसवायचेच. जुन्या पेट्रोल जीपगाड्या आणि अँबेसेडर कोकणात डिझेल इंजिनांवर वर्षानुवर्षं धावल्या.

आजचं उत्तर आधीच सांगतो. खासगी पेट्रोल कारमध्ये डिझेल इंजिन बसवणं जवळजवळ कुणालाच परवडत नाही आणि कागदावर ते पार पडणंही अवघड आहे. पण ज्या खर्चाने तुम्ही वैतागला आहात तो खरा आहे आणि तो कमी करता येतो. त्यासाठी खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिल्या पायरीवरच निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो.

१. आधी रनिंग आणि अॅव्हरेज लिहून काढा

गाडीच्या डिस्प्लेवरचं अॅव्हरेज धरू नका. टाकी नोझल कट होईपर्यंत भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा कट होईपर्यंत भरा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे तुमचं खरं अॅव्हरेज. असं महिनाभर करा. त्या महिन्यात घाट किती वेळा चढला आणि गावातल्या गावात किती फिरला याचीही नोंद ठेवा. आंबा किंवा कुंभार्ली घाट चढणारी गाडी आणि सपाट हायवेला धावणारी गाडी यांचा हिशेब एक नसतो. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून अॅव्हरेज थोडं घसरलेलं असेल, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. तेव्हा चार वर्षांपूर्वीचा आकडा वापरू नका.

आता हिशेब. दर तुमच्या पंपाचे घ्या, इथे उदाहरणासाठी पेट्रोल १०५, डिझेल ९२ आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू.

पेट्रोलवर १५ चं अॅव्हरेज म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. तीच गाडी डिझेलवर २० देईल असं धरलं तर ४ रुपये ६० पैसे. बचत २ रुपये ४० पैसे. त्यातून डिझेलच्या सर्व्हिसिंगचा जादा खर्च, म्हणजे जास्त ऑइल, डिझेल फिल्टर आणि कधीतरी निघणारं इंजेक्टरचं काम, किलोमीटरला ४० पैसे वजा करा. हातात उरले २ रुपये.

इंजिन बदलायला सगळं धरून २ लाख लागले, तर ते वसूल व्हायला १ लाख किलोमीटर धावायला हवं. महिन्याला १,००० किलोमीटर रनिंग असेल तर आठ वर्षांहून जास्त. तोवर गाडीची नोंदणी संपत आलेली असेल आणि ‘इंजिन बदललेली गाडी’ म्हणून रिसेलला किंमतही पडलेली असेल.

सीएनजीवर किलोला २२ किलोमीटर धरले तर खर्च साधारण ४ रुपये १० पैसे. ६० हजारांचं किट २० ते २१ हजार किलोमीटरमध्ये सुटतं.

मुंबईकर चाकरमान्यांची जी गाडी गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात बाहेर निघते आणि एरवी पडवीच्या कडेला उभी असते, तिच्यासाठी यातलं काहीच करू नका. टायरमधली हवा नीट ठेवा, वेळेवर सर्व्हिसिंग करा आणि पेट्रोलच चालू द्या.

२. पेट्रोल इंजिनच डिझेलवर का चालत नाही

काही गॅरेजवाले ‘हेड बदलून, पंप लावून करून देतो’ म्हणतात. तिथून निघा. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचं मिश्रण साधारण ९ ते ११ पट दाबलं जातं आणि स्पार्क प्लगने पेटतं. डिझेल इंजिनात फक्त हवा १६ ते २० पट दाबतात, ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. हा दाब सहन करायला ब्लॉक, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पिस्टन सगळं जाडजूड लागतं. पेट्रोलच्या ब्लॉकवर तो दाब टाकला तर आधी हेड गॅस्केट उडतं, मग बेअरिंग जातात.

म्हणजे ‘कन्व्हर्जन’ म्हणजे प्रत्यक्षात अख्खं इंजिन उतरवून दुसरं चढवणं. जुन्या जीपमध्ये ते सोपं होतं, कारण त्या डिझेल इंजिनाला यांत्रिक पंप असायचा आणि ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. माउंटिंग वेल्डिंग करून बसवलं, सायलेन्सर जोडला की गाडी चालू. शिवाय तेव्हा पेट्रोल-डिझेलच्या दरात मोठी दरी होती. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, आणि ज्या फरकावर तो धंदा उभा होता तो फरकच आटला.

हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांत डिझेलचे हाडाचे फिटर आहेत. नौकेचं इंजिन ते डोळे मिटून बांधतील. पण नौकेची जुन्या पद्धतीची यांत्रिक पंपाची इंजिनं आणि कारचं कॉमन रेल (आजच्या कारमधलं कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन) यांत फार अंतर आहे. कॉमन रेलमध्ये डिझेल दीड हजार बारच्या आसपास दाबाने फवारलं जातं, आणि प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. स्कॅनर नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका. आणि मच्छीमार सोसायटीचं कर-परताव्याचं डिझेल गाडीत भरायचा विचार तर मनातही आणू नका, ते फक्त मासेमारी नौकांसाठी आहे.

३. तरीही बदलायचंच असेल तर काय काय लागतं

हे काम त्याच मॉडेलच्या डिझेल गाडीचे भाग मिळाले तरच जमतं. उदाहरणार्थ, स्विफ्ट पेट्रोल १.२ आणि डिझेल १.३ अशा दोन्हीत कंपनीतूनच यायची. बॉडी तीच, पण डिझेल गाडी शंभर किलोच्या आसपास जड, आणि ते वजन जवळजवळ सगळं पुढच्या चाकांवर. एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचं इंजिन हा शोरूम सजवायचा उद्योग झाला, रोज चालवायची गाडी तशी होत नाही.

भंगार बाजारातून, कुर्ल्याहून वगैरे, नुसतं इंजिन उचलून आणलं तर काम अर्धवट राहणार हे नक्की. टर्बो आणि इंटरकूलरसकट इंजिन हवं. गिअरबॉक्स डिझेलचाच हवा, कारण पेट्रोलच्या स्विफ्टचा टॉर्क ११५ न्यूटन-मीटरच्या घरात आणि डिझेलचा १९०. पेट्रोलचा गिअरबॉक्स आणि क्लच तो भार फार काळ झेलत नाहीत. त्यासोबत फ्लायव्हील, ड्राइव्हशाफ्ट, इंजिन माउंटिंग, रेडिएटर-फॅन, पुढचे स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर. पुढे जुनेच स्प्रिंग ठेवले तर गाडी नाकावर बसते आणि खड्ड्यात इंजिनचा खालचा चेंबर घासतो. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर एकदा चेंबर फुटला की ऑइल सांडून इंजिन जाम.

यानंतरचे भाग लोक विसरतात, आणि गाडी महिनोन्महिने गॅरेजमध्ये अडकते ती याच भागांपायी:

इंजिनचं पूर्ण वायरिंग हार्नेस, ईसीयू, इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) आणि चावी हे एकाच गाडीचे हवेत. वेगवेगळ्या गाड्यांचे घेतले तर इंजिन फिरतं पण पेटत नाही. मीटर कन्सोलही डिझेलचा लागतो, नाहीतर ग्लो प्लगचा (थंड इंजिन पेटायला ऊब देणारा प्लग) आणि डिझेल फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा दिसणारच नाही.

ब्रेकची व्हॅक्युम व्यवस्था. पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारी व्हॅक्युम इनटेक मॅनिफोल्डमधून मिळते. डिझेलला तिथे पुरेशी व्हॅक्युम नसते, म्हणून इंजिनवर वेगळा व्हॅक्युम पंप असतो. तो नसेल किंवा त्याची नळी नीट जोडली नसेल, तर पेडल दगडासारखं घट्ट होतं. परशुराम घाट उतरताना हे कळायला नको.

टाकी, आतला पंप, नळ्या. डिझेलला इंजिनकडून टाकीकडे परत येणारी रिटर्न लाइन लागते. जुन्या टाकीत वाटीभर पेट्रोल राहिलं तरी धोका, कारण हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळतं. पेट्रोलने ते धुतलं जातं, पंप झिजतो आणि त्याचा धातूचा चुरा चारही इंजेक्टरमध्ये जातो.

बॅटरी आणि स्टार्टर मोठा लागतो. एक्झॉस्टही आख्खा डिझेलचाच.

गॅरेजवाल्याकडून वरच्या प्रत्येक भागाचा दर वेगळा लिहून घ्या. ‘सगळं मिळून बघू’ असं म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

४. आरटीओ, विमा, पीयूसी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. वेगळ्या इंधनासाठी सवलत आहे, पण ती नियमांत बसणाऱ्या कन्व्हर्जन किटसाठी. सीएनजी, एलपीजी आणि इलेक्ट्रिकसाठी अशी किट्स पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडे तपासून मंजूर होतात. पेट्रोलचं डिझेल करणारं असं मंजूर किट बाजारात नाही. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणून आपल्या आरटीओत (सिंधुदुर्ग एमएच-०७, रत्नागिरी एमएच-०८, रायगडचं पेण एमएच-०६) आधी लेखी अर्ज द्या, आणि लेखी परवानगी हातात आल्याशिवाय जुनं इंजिन उतरवू नका. ‘आधी बसवा, पासिंग मी करून आणतो’ हे एजंटचं वाक्य सर्वात महागात पडतं. इंजिन बसलेलं, पैसे गेलेले आणि आरसीवर पेट्रोल, अशी गाडी मग ना विकता येते ना नीट चालवता येते.

पीयूसीलाही अडचण येते. पेट्रोलची तपासणी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनची, डिझेलची धुराच्या घनतेची. केंद्रावर इंधनाचा प्रकार सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरून येतो, त्यामुळे पेट्रोल नोंद असलेल्या डिझेल गाडीला खरं प्रमाणपत्र मिळूच शकत नाही. काचेवरचा स्टिकरही बोलतो: पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. आणि अपघात झाला तर सर्व्हेअर पहिल्यांदा इंजिन नंबर पाहतो. तो आरसीशी जुळला नाही की क्लेम अडकला.

बसवायच्या इंजिनाचं बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी रीतसर स्क्रॅप झाल्याचा कागद मागा. नुसत्या कच्च्या पावतीवर घेतलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलीस तुमच्या दारात येतील.

५. पर्याय पहिला: सीएनजी किट

ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर साडेतीन टनांच्या आतल्या बीएस-६ (प्रदूषणाचं सध्याचं मानक) पेट्रोल गाड्यांनाही बाहेरून सीएनजी किट बसवता येतं. त्याआधी ही सोय बीएस-४ पर्यंतच होती. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप असेल तरच याचा विचार करा. हायवेला पंप आहे पण तुम्ही राहता आत गुहागर किंवा देवगडच्या बाजूला, तर गॅससाठी धावलेले किलोमीटर हिशेबात धरा. सुट्टीच्या मोसमात लागणारी रांगही धरा.

लागणारे कागद: आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, पॅन, किटच्या मंजुरीचं प्रमाणपत्र (त्यात तुमचं मॉडेल आणि बीएस मानक नावानिशी असलं पाहिजे), अधिकृत बसवणाऱ्याचं बिल आणि प्रमाणपत्र, सिलिंडरचं चाचणी प्रमाणपत्र. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी. नोंद आरसीवर चढल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा आणि किटची रक्कम पॉलिसीत घाला.

६० लिटरच्या लोखंडी सिलिंडरमध्ये ८ ते १० किलो गॅस मावतो आणि सिलिंडरचं वजनच ६० किलोच्या आसपास. डिक्की गेली. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या न्यायच्या असतील तर कॅरिअर लागेल. घाटात पिकअप कमी होतो, चार माणसं आणि सामान असेल तर चढाला पेट्रोलवर टाका. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावीच लागते. आपल्याकडे खाऱ्या हवेने सिलिंडरचे पट्टे आणि ब्रॅकेट आधी गंजतात, दर पावसाळ्यानंतर डिक्कीतला मॅट उचलून ते पाहा.

घरगुती गॅसचा सिलिंडर गाडीला जोडणारे अजून आहेत. तो गुन्हा आहे, आणि बंद गाडीत गळती झाली तर कुणी वाचत नाही.

६. पर्याय दुसरा: पेट्रोल विकून जुनी डिझेल घेणं

महिन्याला २,००० किलोमीटरच्या वर, तेही लांब पल्ल्याचं आणि घाटाचं रनिंग असेल तर हा मार्ग खरा. समजा दोन गाड्यांच्या किमतीतला फरक आणि ट्रान्सफरचा खर्च मिळून ८५ हजार झाला, तर वरच्याच २ रुपयांच्या बचतीने तो साडेबेचाळीस हजार किलोमीटरमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या आत निघतो.

एक गैरसमज काढून टाका: दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद, हा नियम दिल्ली परिसराचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. अर्थात बीएस-६ येताना, एप्रिल २०२० पासून, मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या, त्यामुळे छोट्या डिझेल गाड्यांत निवड जुन्यातूनच करावी लागते.

बीएस-६ डिझेल घेत असाल तर डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर, समजून घ्या. धुरातली काजळी त्यात साठते आणि सुमारे ६०० अंशाला जाळली जाते. ती जळायला गाडी वीसेक मिनिटं हायवेच्या वेगात सलग धावावी लागते. रोज घर ते बाजार पाच किलोमीटर जाणाऱ्या गाडीत ते होत नाही. दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी फिल्टर बदलायचं मोठं बिल येतं. ज्यांचं रनिंग गावातल्या गावात आहे त्यांनी बीएस-६ डिझेलच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी पाहायला सकाळी जा, आणि मालकाला आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांगा. बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे ना पाहा. थंड इंजिन दोन-तीन सेकंदांत पेटलं पाहिजे. पांढरा धूर टिकून राहिला तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लगवर संशय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गॅस दिल्यावर भक्कन काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा, खालून दाबाने वाफ येत असेल तर रिंगा गेल्यात. मग घाटात न्या. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गॅस दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतोय पण वेग नाही, तर क्लच संपलाय. पैसे मोजून स्कॅनर लावा आणि इंजेक्टरचं करेक्शन, डीपीएफमधली काजळी हे आकडे पाहा.

मग गंज. गाडी रॅम्पवर चढवा. दारांखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, पुढची सबफ्रेम, मागचा अॅक्सल, ब्रेकच्या लोखंडी नळ्या. चाकांच्या कमानीत आत साचलेला लाल चिखल स्क्रू-ड्रायव्हरने खरवडा. तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा त्याच्यामागून कुजतो. दांड्याने हलकेच ठोका, घट्ट पत्रा टणत्कार देतो, कुजलेला ठप्प वाजतो. वाळूत, पुळणीवर फिरवलेली गाडी असेल तर खालचा गंज लपत नाही.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. त्या साफ होऊन पुन्हा बाजारात येऊ शकतात, दुसऱ्या जिल्ह्यातही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा: धुतलेल्या गाडीतही बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालचे रूळ, फ्यूजबॉक्समधले हिरवट पडलेले कनेक्टर आणि हेडलाइटच्या आतली पाण्याची खूण पाहा. विम्याचा जुना क्लेम इतिहास मागा.

७. डिझेल गाडी घरी आल्यावर

मागच्या मालकाने काय केलं यावर विसंबू नका. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर एकदम बदला. बीएस-६ ला ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, कारण चुकीच्या ऑइलची राख डीपीएफमध्ये अडकते आणि ती जळत नाही. टायमिंगला चेन आहे की बेल्ट ते विचारा. बेल्ट असेल आणि बदलल्याचं बिल नसेल तर लगेच बदला, तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

मृगाच्या आधी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा. खालचा स्क्रू सैल करून बाटलीत घ्या, पाणी तळाशी वेगळं दिसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा आणि स्क्रू आवळून हवा काढा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत ओलसर हवा शिरते आणि पाणी होऊन खाली उतरतं. खपाच्या पंपावरच भरा.

आणि पहिले काही महिने पंपावर गाडीतून उतरून, नोझलकडे बघून ‘डिझेल’ असं मोठ्याने सांगा. पेट्रोलची सवय जाता जात नाही. चुकून पेट्रोल गेलंच तर चावी फिरवू नका, इग्निशन ऑनसुद्धा करू नका, कारण तेवढ्यानेच बहुतेक गाड्यांत टाकीतला पंप चालू होऊन पेट्रोल पुढे ढकलतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत बाजूला घ्या, टाकी पूर्ण रिकामी करून घ्या, फिल्टर बदला, मग डिझेल भरा. चालू न केलेल्या गाडीचं काम साध्या मेकॅनिककडे तासा-दोन तासांत होतं.